पिकअपचा मागचा पाटा: वाढवण्याआधी मोजा



१ जून ते ३१ जुलै ही आपली बंदी. ट्रॉलर जेटीला लागलेत, होड्या वर काढून झावळ्यांखाली आहेत, जाळ्यांची दुरुस्ती चालू आहे. इंजिन उघडलं, पंखा तपासला, रंगाचं बघितलं, हे सगळं दरवर्षी ठरलेलं असतं. पण पिकअप तशीच आवारात पावसात उभी असते. १ ऑगस्टनंतर पहिली मासळी आली की हीच गाडी मालीमहून म्हापशाला, कुटबणहून मडगावच्या घाऊक बाजारात, नाहीतर चोर्ला घाट चढून बेळगावला जाणार. तेव्हा गाडी खोलायला कोणाकडे वेळ नसतो.

या दिवसांत सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. "गाडी मागून फार आदळते. गॅरेजवाला म्हणतो एक पाटा वाढव. वाढवू काय?"

उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, मोजल्याशिवाय वाढवू नका. पाटा वाढवून गाडी जास्त वजन झेलते, पण मऊ चालत नाही. उलट रिकामी असताना जास्त कडक होते. गाडी आदळण्याचं कारण बहुतेक वेळा पाटे कमी आहेत हे नसतंच. ते गंजून एकमेकांना चिकटलेले असतात किंवा बसलेले असतात. कसं ते सविस्तर सांगतो.

पाटा काम कसा करतो

बोलेरो पिकअप असो, टाटा इंट्रा असो की अशोक लेलँड दोस्त, मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक सेट असतो. टांग्याला हेच पाटे असायचे, म्हणजे गोष्ट जुनी आहे आणि टिकलेली आहे. सगळ्यात वरचा लांब पाटा म्हणजे मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, त्यात बुश बसतात. खालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. मधोमध सेंटर बोल्ट, आणि यू बोल्टनी सगळा सेट ॲक्सलला आवळलेला.

खड्डा आला की पाट्याची कमान सपाट होते. कमान सपाट झाली की पाटा लांबीला वाढतो. म्हणून त्याचं एक टोक चासीला पक्कं असतं आणि दुसरं टोक शॅकलवर झुलतं. शॅकल झुलला नाही तर पाट्याला लांब व्हायला जागा मिळत नाही, आणि तो धक्का सरळ चासीत, तिथून सीटमध्ये आणि क्रेटमध्ये जातो. तसंच वाकताना पाटे एकमेकांवर थोडे घसरतात. ते घसरले पाहिजेत. घसरणं बंद झालं की पाच पाटे मिळून एकच जाडजूड लोखंड झाल्यासारखं होतं. लहान खड्ड्यावर मग सेट हलतच नाही.

बऱ्याच पिकअपला सगळ्यात खाली एक-दोन जाड, जवळजवळ सरळ पाटे असतात. हे हेल्पर पाटे. गाडी रिकामी असताना वरच्या पाट्यांत आणि यांच्यात टोकाकडे फट दिसते. वजन पडलं की वरचे पाटे खाली येऊन हेल्परवर टेकतात आणि तिथून पुढे हेल्पर काम करतो. कंपनीने हे मुद्दाम केलेलं असतं, कारण पिकअपची अडचणच अशी आहे की जाताना हजार किलो आणि येताना रिकामे क्रेट, आणि दोन्हीला पाटे तेच.

आपल्या गाड्यांचं दुखणं: खारं पाणी

सिमेंट-वाळू नेणाऱ्या गाडीपेक्षा आपल्या गाडीचे पाटे लवकर का जातात? वितळलेल्या बर्फाचं पाणी मासळीचं मीठ घेऊन हौद्याच्या फटींतून खाली गळतं, आणि ते नेमकं पाट्यांवर पडतं. त्यात जेटीवरचं खारं पाणी, खारी हवा. पाट्यांच्या मध्ये गंज धरतो, फुगतो, पाटे चिकटतात. शॅकलची पिन बुशात धरते. पाट्याच्या अंगावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि पुढे तडा जातो तो अशाच खड्ड्यातून सुरू होतो.

दुसरं दुखणं पाटे बसण्याचं. वर्षानुवर्षं जास्त वजन वाहिलं की कमान उतरते. पुष्कळांना वाटतं पाटे बसले म्हणजे मऊ झाले. उलट आहे. बसलेला सेट रिकाम्या गाडीतसुद्धा हेल्परवर टेकलेला असतो, म्हणजे जे कडक पाटे फक्त भरलेल्या गाडीत लागायला हवेत ते कायम लागलेले राहतात. भरल्यावर तर ॲक्सल वरच्या रबर बफरवर जाऊन आदळतो. तोच तो "धाड" आवाज.

याचा त्रास कोणाला होतो ते बघा. क्रेटच्या तळातला बांगडा आणि तारले वरच्या वजनाखाली असतात, त्यात प्रत्येक आदळण्याला बर्फाच्या टोकदार कपच्या अंगात घुसतात. पोट फुटलेल्या, खवले गेलेल्या मासळीला बाजारात भाव पाडून मागतात. ड्रायव्हरची कंबर जाते. पुढे केबिनमध्ये बसून पहाटे बाजाराला जाणाऱ्या आपल्या आयाबायांची पाठ जाते. आणि एखादा मेन पाटा घाटात तुटला तर ॲक्सल जागचा सरकू शकतो. तेव्हा प्रश्न मासळीचा राहत नाही.

मापं घ्या, एक टेप पुरे

गॅरेजला जाण्याआधी पंधरा मिनिटं घालवा. गाडी सपाट जागेवर, रिकामी, टायरमध्ये बरोबर हवा.

एक: मागच्या चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या काठापर्यंत उंची मोजा. डावी आणि उजवी वेगळी लिहा. दोन्हींत दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर एका बाजूचा सेट बसला आहे किंवा त्यातला पाटा तुटला आहे.

दोन: हेल्पर पाट्याच्या टोकाशी फट आहे का बघा. रिकाम्या गाडीत फट नसेल तर सेट बसलेला समजा.

तीन: शॅकलकडे बघा. मधल्या डोळ्यात, खालच्या पिनेत कोरडा लाल गंज भरलाय का? एकाला रिकाम्या हौद्यावर उड्या मारायला सांगा आणि शॅकल हलतोय का ते बाजूने बघा. गाडीखाली जाऊ नका.

चार: शॉकअप तेल गळतंय का? हौद्याच्या मागच्या टोकावर उभं राहून झोके द्या आणि उतरा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेलेत.

पाच: ब्रश मारून पाट्यांवर तडा शोधा, विशेषतः यू बोल्टच्या आसपास आणि मेन पाट्याच्या डोळ्याजवळ.

नंतर नेहमीचं वजन भरून पहिलं माप पुन्हा घ्या. रिकाम्या आणि भरलेल्या मापातला फरक लिहून ठेवा, पुढच्या हिशेबाला तो लागतो.

टायरची हवा विसरू नका. रिकामी आणि भरलेली अशी दोन वेगळी प्रेशर गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाजाजवळच्या पट्टीवर दिलेली असतात. भरलेल्या गाडीचं प्रेशर ठेवून रिकामी गाडी चालवली तर पाटे कितीही चांगले असोत, गाडी उडणारच.

एक पाटा वाढवला तर नक्की किती फरक?

समजा मागे हजार किलो घातल्यावर गाडी १० सेंटीमीटर बसते. सेटमध्ये पाच पाटे आहेत आणि आपण तसाच, त्याच जाडीचा सहावा घातला. सेट साधारण २० टक्के कडक होतो. म्हणजे आता तेच हजार किलो घातल्यावर गाडी ८.३ सेंटीमीटर बसेल. मिळालं काय, तर दीडएक सेंटीमीटर उंची. आणि तो २० टक्के कडकपणा रिकाम्या गाडीतही कायम राहणार.

जाडीचा हिशेब तर याहून मोठा आहे. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मिलीमीटरच्या जागी १० मिलीमीटरचा पाटा घातला तर तो एकटा पाटा जवळपास दुप्पट कडक होतो. "थोडाच जाड आहे" असं म्हणून घातलेला पाटा थोडा कडक नसतो. म्हणून वर्कशॉपमध्ये जाडी कॅलिपरने मोजायला सांगा, अंदाजावर घेऊ नका.

बेळगावला जाणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावं. आपली गाडी घाट चढते ती भरलेली, आणि उतरते ती रिकामी. ऑगस्ट-सप्टेंबरात घाट ओला. कडक केलेल्या रिकाम्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यावर उडतं, आणि उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते. नेमका तेव्हाच वळणावर ब्रेक दाबला तर मागची बाजू फिरते. वजनासाठी वाढवलेला पाटा धोका करतो तो वजन नसताना.

अजून एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये फारशी बोलली जात नाही. अनेक पिकअपला मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा एक वॉल्व्ह असतो. गाडी किती बसली आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून गाडी उंच केली की वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीत तो मागच्या ब्रेकचा जोर कमी करतो. म्हणून पाट्यांत कसलाही बदल केला तर हा वॉल्व्ह गाडीच्या पुस्तकाप्रमाणे पुन्हा सेट करून घ्यायलाच हवा. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी बघून घ्या.

मग कोणी काय करावं?

पाटे बसलेले नाहीत, तडा नाही, फक्त गंज आहे: सेट खोला. प्रत्येक पाटा वायर ब्रशने साफ करा, गंजाचे खोल खड्डे असलेला पाटा बदला, बुश नवे, शॅकल पिन नव्या, पाट्यांच्या टोकाशी प्लॅस्टिकचे पॅड असतील तर तेही नवे. पॅड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या सेटला जोडताना मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावतात. एवढं केलं तरी पुष्कळ गाड्यांचं आदळणं निम्म्यावर येतं, आणि खर्च सगळ्यात कमी. पहिलं काम हेच.

पाटे बसलेले आहेत: दोन्ही बाजूंचा कंपनीच्या मापाचा नवा सेट घाला. एकाच बाजूचा बदलू नका, गाडी तिरकी चालेल. जुने पाटे पुन्हा वाकवून कमान देणारे वर्कशॉप आहेत. ते काम भट्टीत तापवून, तेलात पाणी देऊन, पुन्हा टेंपर करून होत असेल तरच टिकतं. गॅसच्या ज्योतीने एका जागी लाल करून वाकवलेला पाटा त्याच जागी पुन्हा बसतो किंवा तुटतो. आणि तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीच नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचा ताव जातो.

रोजचं जवळचं काम, गाडी बहुतेक अर्धी भरलेली: पाटा वाढवण्याचं कारणच नाही. तुमच्या मॉडेलला कंपनीचा पॅराबोलिक सेट मिळत असेल तर विचारा. त्यात पाटे कमी असतात, प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत जातो, आणि पाटे फक्त मध्ये आणि टोकांना टेकतात. घासणं कमी, म्हणून लहान खड्डे चांगले गिळतो. पाट्यांमध्ये फट असल्याने धुवायलाही सोपा. पण तो तुमच्या गाडीच्या वजनाचाच हवा.

रोज पूर्ण वजन, लांबची वाट: मेन सेट कंपनीचाच ठेवा आणि मदत अशी घ्या जी फक्त भरल्यावर लागेल. बरोबर फट ठेवलेला हेल्पर पाटा, किंवा टणक बफरच्या जागी बसणारे पोकळ रबराचे लांब बफर. हे हळूहळू दबतात, एकदम आदळत नाहीत. रिकाम्या गाडीत ते कामाला लागत नाहीत, म्हणून परतीचा प्रवास बिघडत नाही.

शॉकअप गेलेले असतील तर वरच्या प्रत्येक प्रकारात ते बदलायचेच. पाटा वजन झेलतो आणि शॉकअप उसळी थांबवतो, दोघांची कामं वेगळी आहेत.

वर्कशॉपमध्ये उभं राहून बघायच्या गोष्टी

पाटा स्प्रिंगच्या पोलादाचाच हवा. ईएन ४५ किंवा एसयूपी ९ अशी नावं बिलावर लिहून घ्या. साधी लोखंडी पट्टी वाकवून घातलेली दिसायला सारखीच असते, पण दोन महिन्यांत बसते.

जुने यू बोल्ट परत वापरू नका, ते एकदा आवळल्यावर ताणले गेलेले असतात. नवे घाला, टॉर्क पान्याने आवळा, आणि साधारण ५०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्या. पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकात तुटण्याचं एक मोठं कारण ढिला यू बोल्ट हेच आहे. रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे असतात ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. हवेत लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

घरी खोलायचा विचार असेल तर नको म्हणतो. पाटा ताणाखाली असतो, सेंटर बोल्ट निघताच उडतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणं तर जिवाशी खेळ आहे.

पाट्याने गाडीची पासिंग वाढत नाही

हे स्पष्ट लिहितो, कारण पाटा वाढवण्यामागे पुष्कळदा हीच इच्छा असते. आरसी बुक काढा. समजा त्यावर एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामं वजन १,६०० किलो आहे. राहिले १,३०० किलो. ड्रायव्हर आणि एक माणूस मिळून १४० किलो वजा करा, ४० रिकाम्या क्रेटचे ८० किलो वजा करा. उरले १,०८०. लांबच्या वाटेला, आपल्या हवेत, मासळीइतकाच बर्फ लागतो. म्हणजे ५४० किलो मासळी आणि ५४० किलो बर्फ. एवढ्यात गाडी भरली! नंतर बसवलेला थर्माकोलचा बंद डबा असेल तर त्याचं वजन अजून वेगळं.

आता आपण किती भरतो ते ज्याचं त्याने मनात मोजावं.

पाटे कितीही घातले तरी ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात, आणि कागदावरचं वजनही तेच राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जास्त वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च आपल्यावर. मासळी रस्त्यावर उतरवली तर तिचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदलही चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तिथंच बोट ठेवू शकते. म्हणून बदल करायचाच तर कंपनीच्या मान्य सुट्या भागांत, बिल घेऊन.

भरण्याची पद्धतही बघा. जड क्रेट आणि बर्फ केबिनकडे, मागच्या चाकाच्या पुढे. तेच वजन फळक्याकडे, चाकाच्या मागे ठेवलं तर पाट्यांवर वजनाहून जास्त भार येतो आणि पुढचं चाक हलकं होऊन स्टिअरिंग सैल वाटतं. खर्च शून्य, फरक पहिल्याच फेरीत कळतो. आणि क्रेटवर माणसं बसवू नका, कितीही जवळचा बाजार असला तरी.

मोसमात रोजची निगा

रोज फेरी संपली की हौदा धुतो तसंच खालून पाट्यांवर, शॅकलवर गोड्या पाण्याचा पाइप धरा. पाच मिनिटांचं काम. हौद्यातलं पाणी फटींतून कुठेही गळू देण्यापेक्षा नळी लावून पाट्यांपासून दूर, टाकीत किंवा डब्यात घ्या. रस्त्यावर ते सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, तेही वाचेल.

ग्रीस निपल असतील तर पंधरा दिवसांनी ग्रीस मारा, जुनं खारट पाणी बाहेर येईपर्यंत. इंजिनाचं जळकं ऑइल पाट्यांवर मारण्याची सवय मात्र सोडा. ते रबर बुश खातं, उडून ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ शकतं, आणि पहिल्या पावसात धुऊन आपल्याच खाडीत उतरतं. ज्या पाण्यावर पोट आहे तिथे ते नको.

महिन्यातून एकदा टेपने तीच मापं घ्या आणि वहीत लिहा. माप हळूहळू कमी होत गेलं की पाटे बसताहेत हे घाटात कळण्याआधी अंगणात कळेल.

मंडळी, १ ऑगस्ट जवळ आहे. शेवटच्या आठवड्यात स्प्रिंगवाल्यांकडे रांग लागते आणि घाईत जो पाटा हाताला येईल तो बसवला जातो. म्हणून या आठवड्यातच मापं घ्या. चार आकडे लागतात: डावी-उजवी उंची, रिकामी आणि भरलेली. ते कागदावर लिहून गॅरेजला न्या आणि "पाटा वाढव" म्हणण्याऐवजी "माझी गाडी भरल्यावर एवढी बसते, हेल्परची फट एवढी आहे, काय करावं?" असं विचारा. चांगला कारागीर त्याच आकड्यांवरून बोलेल. आकडे न बघता पाटा काढून दाखवणाऱ्याला नमस्कार करून दुसरं दुकान बघा.

ज्यांच्या गाडीवर मुलगा किंवा पगारी ड्रायव्हर आहे, त्यांनी हा लेख त्याला वाचून दाखवावा. गाडी तोच चालवतो, आदळे तोच खातो.

दर्या भरभरून देवो, आणि आलेली मासळी बाजारापर्यंत धड पोचो.

आपला,
सचिव